‘मी आले’ म्हणण्याआधी

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने किती आहेत, हे जून जवळ आला की कळतं. रात्री उशिरापर्यंत मशीनचा आवाज चालू असतो. अशा तीन कारखान्यांत मिळून माझी बारा वर्षं गेली. ओव्हरलॉकवर लागले, मग काजबटणावर, मग चेकिंगच्या टेबलावर, आता हजेरी आणि शिवलेल्या पीसचा हिशोब लिहिते. पहिली सहा वर्षं तिथं मला सगळे मुलगा समजत होते. एका दिवाळीनंतर मी ट्रान्सजेंडर बाई असल्याचं सांगितलं आणि तेव्हापासून जशी आहे तशी कामावर जाते. या काळात माझ्यासारखी पाच माणसं कामावर भेटली.

त्यांच्याबद्दल लिहिताना मी कारखाने, खाती आणि वर्षं मुद्दाम एकमेकांत मिसळली आहेत. ज्यांची गोष्ट सांगते आहे, त्यांना हे आधी वाचून दाखवलं आहे. कामावर एखादी ट्रान्सजेंडर व्यक्ती आहे असं तुम्हाला कळलं, तर ती गोष्ट तुमच्या मालकीची नसते. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं यावरच उभं आहे.

आणखी एक. माझ्याहून लहान असणाऱ्यांनाही मी इथं ‘तुम्ही’ म्हणते आहे. त्याचं कारण लगेच येईल.

आधी बोलण्याचं बघा

मराठीत तोंड उघडलं की आपण बाई की पुरुष ते सांगावं लागतं. ‘मी येतो’ किंवा ‘मी येते’. मधलं काही नाही. सहा वर्षं मी रोज सकाळी गेटवर ‘आलो’ म्हटलं आणि दर वेळी घशात काहीतरी अडकलं. ज्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायची घाईही नाही, त्यांनी ही वाक्यं शिकून घ्यावीत. मला ती कुणी शिकवली नाहीत, मी एकेक करून शोधली.

‘मी निघतो’ऐवजी ‘मला निघायचंय’. ‘मी जेवलो’ऐवजी ‘माझं जेवण झालं’. ‘मी येईन’ बिनधास्त म्हणा, त्यात काही कळत नाही. ‘मी येणार आहे’ तेही चालतं. ‘मी चहा घेतला’, ‘मी पीस मोजले’, ‘मी बंडल बांधलं’ ही वाक्यं सुरक्षित, कारण क्रियापद चहाच्या आणि बंडलाच्या मागं जातं. अडचण आले-गेले-बसले-थकले यांची आणि रोजच्या येते-जाते-करतेची. ‘थकलोय’ म्हणण्याऐवजी ‘लई थकवा आलाय’ म्हणा. आठवडाभर मनात घोळवलं की जिभेवर बसतं.

दुसऱ्याशी बोलताना ‘तू जेवलीस का’ आणि ‘तू जेवलास का’ या दोन्हींत धोका आहे. ‘तुम्ही जेवलात का’ यात नाही. म्हणून मी कामावर सगळ्यांना, अठरा वर्षांच्या पोरांनासुद्धा, अहो-जाहो करते. लोकांना वाटतं मी फार अदबशीर आहे. वाटू दे.

सोलापूरचं एक सुख मात्र आहे. इथं दर दुसऱ्या घरात तेलुगू नाहीतर कन्नड. काजबटणावर माझ्या शेजारी एक तेलुगू अक्का बसायच्या. त्यांच्याकडून मी मोडकंतोडकं तेलुगू शिकले. ‘नेनु वस्तानु’ बाईनं म्हटलं तरी तेच, पुरुषानं म्हटलं तरी तेच. कन्नडमध्येही स्वतःबद्दल बोलताना असंच आहे. अक्कांशी तेलुगूत बोलताना माझे खांदे खाली यायचे, इतका फरक पडायचा. कोल्हापूरकडची एक बाई आमच्याकडं होती, ती सहज ‘मी जातो’ म्हणायची. तिकडं बायका तसंच बोलतात. तिला कुणी काही विचारायचं नाही याचा मला तेव्हा फार हेवा वाटायचा.

पहिलं माणूस

मालकाला किंवा सुपरवायझरला आधी सांगू नका. आधी एक माणूस निवडा. निवडताना सगळ्यांत मायाळू कोण हे बघू नका. बघा की हे माणूस दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी तुमच्याकडं आणतं का. अमकीचा नवरा पितो, तमकीचं लग्न मोडलं, हे न विचारता सांगणारं माणूस कितीही गोड असलं तरी तुमचीही गोष्ट उद्या पलीकडच्या लाइनवर जाणार.

मी अक्कांना सांगितलं. त्यांची दोन्ही घरं, माहेर आणि सासर, विड्या वळून जगलेली. माझी आईही विड्या वळायची, तेवढी ओळख होती. मी सगळं सांगून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जेवायच्या सुट्टीत बायकांच्या रांगेत आपला डबा अर्धा हात सरकवला आणि जागेवर हात थोपटला. मी त्या दिवशी तिथं बसले नाही, धीर झाला नाही. पण जागा आहे हे कळलं होतं.

मालकाकडं जाताना

वेळ बघून जा. आमच्या धंद्यात एप्रिल ते जून कुणाला मान वर करायला सवड नसते. दिवाळीनंतर काम सैल असतं, तेव्हा जा. आणि हातात एक कागद घेऊन जा. मी तोंडी सांगितलं, ती माझी चूक. मालकांनी मनानं चांगलंच केलं, पण दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मशीन बंद करायला लावून सत्तर माणसांसमोर मला उभं करून सांगितलं. वाईट कुणी काही बोललं नाही. पण ते दोन मिनिटं मी खाली फरशीवर पडलेला निळा दोरा बघत होते, तो अजून दिसतो.

म्हणून कागदावर लिहा: मला कोणत्या नावानं हाक मारायची. ‘आले’ म्हणायचं की ‘आलो’. स्वच्छतागृह कोणतं. आणि शेडमध्ये हे कोण सांगणार, कधी, किती जणांना एका वेळी. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. लाइनप्रमुखांना वेगवेगळं सांगितलं की प्रत्येक जण आपापल्या सहा-सात माणसांना त्यांच्या भाषेत सांगतो. घोषणा करायची नाही हे स्पष्ट लिहा.

‘माझं काही नाही, पण लोक मान्य करणार नाहीत’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मी तेव्हा तरंगफळचं सांगितलं. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. त्या तृतीयपंथी आहेत हे गावाला ठाऊक होतं. गाव सरपंच करू शकतं, तर सत्तर माणसांच्या शेडला हजेरीपटावरचं नाव झेपेल. मालक हसले नाहीत, विचार करतो म्हणाले, आणि त्यांनी खरंच केला.

हजेरी पुकारताना कोणतं नाव घ्यायचं हे मालकाच्या हातात असतं, त्याला सरकारी कागद लागत नाही. पगाराची स्लिप, पीएफ, कामगार विमा यांना लागतो. हा फरक समजून घ्या, म्हणजे ‘कागद आणा मग बघू’ म्हणून हाकेचं नाव कुणी अडवणार नाही.

पाणी प्या

हे वेगळं लिहिते, कारण पाचही जणांनी हेच केलं होतं. स्वच्छतागृहात जायला लागू नये म्हणून पाणी न पिणं. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर, पत्र्याची शेड, आणि सकाळी नऊपासून सहापर्यंत दोन घोट. मला दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, दुसऱ्या वेळी तापानं आठ दिवस घरी पडून होते. डॉक्टरांना कारण सांगता आलं नाही.

सांगितल्यानंतर ‘तीनच महिने’ म्हणून मी ऑफिसच्या मागचं एकट्याचं स्वच्छतागृह वापरलं. किल्ली स्टोअरकीपरकडं असायची. म्हणजे दर वेळी त्याला विचारायचं. असं ‘तात्पुरतं’ मान्य करत असाल तर दोन अटी घाला: किल्ली तुमच्याकडं राहील, आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहून मिळेल. माझी तारीख लिहिलेली नव्हती, म्हणून तीन महिन्यांचे पाच होत होते. शेवटी अक्का आणि इस्त्रीवरच्या दोघी ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, ती आमच्यात येऊ दे, आमची काही तक्रार नाही. बायकांनी स्वतः जाऊन सांगितल्यावर विषय संपला. तुमच्या बाजूनं बोलणारी माणसं असतील तर हे काम त्यांना करू द्या, सगळं स्वतः ओढू नका.

कागद

क्रम महत्त्वाचा आहे. मी 2022 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज केला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळालं. फी नव्हती. त्या वेळी वैद्यकीय तपासणी कुणी मागितली नाही. पण नियम आणि नमुने बदलत असतात, तेव्हा जायच्या आठवड्यात समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. कुणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका, माझ्याही नाही.

प्रमाणपत्रानंतर आधार. इथं घाई करू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं आणि लिंगाची नोंद एकदाच. नावाचं स्पेलिंग, आडनाव, वडिलांचं की आईचं नाव मधे, हे घरी बसून पक्कं करा, कागदावर दहा वेळा लिहून बघा आणि मगच केंद्रावर जा. मग पॅन, मग बँक, मग पीएफ. बँक आणि पीएफ यांत नाव वेगळं राहिलं तर पैसे काढताना अडतं. माझे पाच महिने अडले होते. जुन्या नावाचं काही फाडून टाकू नका. एका प्लास्टिकच्या पिशवीत जुनं आधार, शाळेचा दाखला, नावबदलाच्या राजपत्राची प्रत आणि प्रमाणपत्र एकत्र ठेवा. जुनं नाव बघायला त्रास होत असेल तर पिशवी दुसऱ्या कुणाकडं ठेवा, पण ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टानं तृतीय लिंगाला मान्यता दिली. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार नोकरीत, भरतीत, बढतीत भेदभाव करता येत नाही, आणि हे खासगी कारखान्यालाही लागू आहे. कलम 11 नुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला हवा. 2020 च्या नियमांत त्यानं पंधरा दिवसांत चौकशी करायची असं आहे. ‘आपले तक्रार अधिकारी कोण आहेत?’ एवढा एक प्रश्न अर्जात लिहून पोचपावती घ्या. बहुतेक ठिकाणी तो नेमलेलाच नसतो, पण नेमणं मालकावर बंधनकारक आहे. 17 ऑक्टोबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं नोकरीवरून काढलेल्या एका तृतीयपंथी शिक्षिकेला भरपाई द्यायला लावली आणि नोकरीतल्या समान संधीचं धोरण तयार करायला समिती नेमली. हेही अर्जात लिहा. वकिलाला पैसे नसतील तर 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर आहे. जिल्हा न्यायालयातही विधी सेवा प्राधिकरण आहे आणि औद्योगिक कामगार म्हणूनही तुमचा तिथं हक्क बसतो. रात्री मन फार खाली गेलं तर 14416, टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. मी एकदा लावला आहे. समोरची बाई मराठीत बोलली.

दुसरं कुणीतरी

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

पॅकिंगला मुलींच्या रांगेत एक जण होता. हजेरीपटावर मुलीचं नाव. केस बारीक, पंजाबी ड्रेसवर बाराही महिने भावाचा शर्ट. ते बघून मला काही वाटलं नव्हतं, थंडीत आणि धुळीत बऱ्याच मुली शर्ट घालतात. पण एक दिवस सुपरवायझरनं विचारलं, ‘कधी आलीस?’ तर उत्तर आलं, ‘पावणेनऊलाच पोचणं झालं.’ दुसऱ्या दिवशी ‘जेवलीस का?’ तर ‘झालं जेवण.’ तिसऱ्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. एकाही वाक्यात आले नाही, गेले नाही, येते नाही. सहा वर्षं मी हीच वाट चालले होते. तिचा दगड न् दगड मला माहीत होता.

माझं मन धावलं. उठून जावं, हात धरावा, म्हणावं मला कळलंय. तसं केलं नाही. का केलं नाही ते सांगते. मी मुलगा म्हणून काम करत होते तेव्हा एका बाईनं, तीही आपल्यातलीच होती, मला जिन्यात गाठून आपल्या समाजातला एक शब्द टाकला, मी ओळखते का बघायला. ती प्रेमानंच आली होती. पण मला वाटलं, हिला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं. मी चार दिवस कामावर गेले नाही आणि पुढच्या महिन्यात ती नोकरी सोडली. असे शब्द टाकून कुणाला चाचपू नका. लपून राहणं हेच ज्याचं छप्पर आहे, त्याचं कौल काढून ‘मी आत बघितलं’ म्हणू नये.

मग करायचं काय? आपलं दार उघडं ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. मी जेवायच्या सुट्टीत, पंधरा-वीस माणसं असताना, कुणाकडं न बघता म्हटलं, ‘माझं प्रमाणपत्र आलं. कुणाच्या नात्यात, गल्लीत कुणाला काढायचं असेल तर माझ्याकडं सगळ्या झेरॉक्स आहेत.’ बस. पुन्हा महिनाभरानं आधारचं काम झालं तेव्हा तसंच सांगितलं. त्या रांगेकडं पाहिलंही नाही.

पाच महिने काही नाही. मग एक दिवस बंडल आणून ठेवताना खालच्या आवाजात, ‘माझी एक मावसबहीण आहे, तिला विचारायचं होतं.’

इथं लक्ष द्या. मावसबहीण आली की तिला मावसबहीणच राहू द्या. मी दोन महिने मावसबहिणीबद्दल बोलले. तिला घरचे काय म्हणतात, तिला छाती बांधून ठेवायची असेल तर किती तास बांधावी, कापडी पट्टी घट्ट आवळू नये कारण श्वास कोंडतो आणि बरगड्या दुखावतात, उन्हाळ्यात कामावर तर अजिबात नको. तिचं लग्न ठरवताहेत, तिनं काय करावं. एकदाही माझ्या तोंडून ‘तू’ निसटलं नाही. एकदा निसटणार होतं, मी जीभ चावली.

मग एका संध्याकाळी कंबर तलावाच्या बाजूनं आम्ही दोघं चालत होतो. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ तो थांबला आणि म्हणाला, ‘ताई, मावसबहीण कुणी नाही. तुमच्याकडं मीच आलो होतो.’

आलो. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर म्हटलं होतं. मी म्हटलं, ‘बरं केलंत आलात.’ दोन ग्लास रस घेतला. त्याहून जास्त त्या दिवशी काही बोललो नाही, आणि तुम्हीही बोलू नका. लगेच पुढचे बेत, डॉक्टर, कागद, घरच्यांना कधी सांगणार, हे काढू नका.

त्यानंतर मी त्याच्याशी शेडमध्ये पूर्वीइतकंच बोलते, जास्त नाही. हे अवघड जातं. पण मी उघड आहे, आणि माझ्याभोवती जो सारखा दिसेल त्याच्याकडं लोक बोट दाखवतील. त्याला काही हवं असेल तर हिशोबाची वही विचारायला येतो.

प्रत्येक जण तुमचा मित्र होईलच असं नाही. एक जण समोर आली ती हिजडा समाजातल्या गुरूच्या घरातून. काही वर्षं बाजारात मागून जगलेली, मग शिलाई शिकून कामाला लागलेली. ती दिसली की लोक माझ्याकडं बघायचे, आणि मी पहिले दोन आठवडे तिच्याकडं पाठ करून बसले. मला वाटत होतं, हिच्यामुळं माझी सहा वर्षांची मेहनत जाईल. मी हे केलं. तिला ते कळलंही, आणि पुढं मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, ‘माहीत होतं मला, सवय आहे.’ आम्ही मैत्रिणी झालो नाही. पण तिला खोली मिळेना तेव्हा मी तिच्यासोबत सात घरं फिरले. 2017 मध्ये कोची मेट्रोनं आपल्यासारख्या 23 जणांना नोकरी दिली, त्यातल्या काहींनी थोड्याच दिवसांत सोडली, कारण राहायला कुणी जागा देईना. म्हणून नवीन कुणी आलं की आधी विचारा, राहता कुठं, रात्रपाळीनंतर जाता कसं. मशीन शिकवायला मास्तर आहे. खोली शोधायला कुणी नसतं.

आम्ही चौघं आता महिन्यातून एका रविवारी भेटतो, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला. मुद्दाम अशी जागा, जिथं कुटुंबं फिरत असतात आणि चार माणसं बसलेली कुणाला दिसत नाहीत. कारखान्याच्या रस्त्यावर कधीच नाही. ग्रुप काढलाच तर त्याचं नाव साधं ठेवा. आमचं ‘शेंगा चटणी’ आहे. त्यात फोटो टाकायचा नाही, एकमेकांना खऱ्या नावानं हाक फक्त समोरासमोर. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, एकदा त्यावरून एक जण कायमचा तुटला. कुणी आणखी कुणाला आणायचं असेल तर सगळ्यांना आधी विचारायचं, आणि एकाचंही ‘नको’ असेल तर नको, कारण विचारायचं नाही.

गेल्या संक्रांतीला शेडमधल्या बायकांनी जेवणाच्या खोलीत हळदीकुंकू केलं. अक्कांनी मला हाताला धरून नेलं. पॅकिंगच्या रांगेतून त्यालाही ओढून आणलं होतं, कपाळाला कुंकू लावून. त्यानं खाली बघत तिळगूळ घेतला. माझ्याकडं बघितलं नाही, मीही बघितलं नाही. त्या रविवारी तलावावर आला तेव्हा कपाळ घासून लाल केलं होतं. बसला आणि म्हणाला, ‘आलो.’ मी डब्यातली कडक भाकरी आणि चटणी पुढं केली.